एक पोळी जास्तीची

सकाळचे नऊ वाजत आले की भोपाळच्या शिवाजी नगरात घराघरांतून डबे बंद होण्याचा आवाज येऊ लागतो. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेलेल्या असतात. तवा अजून गरम असतो. कोणाचं ऑफिस वल्लभ भवनात, कोणाचं सतपुडा भवनात, कोणाचं विंध्याचल भवनात. कोणी स्कूटरला किक मारतो, कोणी पाच नंबर किंवा सहा नंबर स्टॉपच्या दिशेनं झपाझप चालू लागतो. या सगळ्या घाईत, फडक्यात पोळ्या गुंडाळताना एक हात क्षणभर थांबतो आणि तीन पोळ्यांच्या चार होतात. "एक जास्तीची ठेवलीय हं!" दारातून हाक येते. कोणासाठी ठेवलीय, ते सांगितलं जात नाही. कोणी विचारतही नाही. कोणीतरी असेलच, हे दोघांनाही ठाऊक असतं.

या जास्तीच्या पोळीची सवय इथल्या मातीत नीट मुरलेली आहे, आणि त्याला कारणही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. तोवर जुन्या मध्य प्रदेशचा कारभार नागपुरातून चालत होता. मध्य भारताचा कारभार ग्वाल्हेर आणि इंदूरहून चाले, विंध्य प्रदेशाचा रीव्याहून. विदर्भाचे आठ जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि बाकीच्या कचेऱ्या, फायली, कपाटं भोपाळकडे निघाली. फायलींमागून माणसंही आली. त्यांत नागपूरची, ग्वाल्हेरची, इंदूरची कितीतरी मराठी घरं होती. राजधानी वाढत गेली तशी तात्या टोपे नगर, शिवाजी नगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. शेजारी कोण असणार हे क्वार्टर-वाटपाची यादी ठरवायची. ना नातं ना गोतं, ना एक गाव, ना एक बोली. सामानाची बोचकी सुटायच्या आधी शेजारून चहा यायचा, आणि चहाच्या मागोमाग "आज जेवायला आमच्याकडेच या" असं आमंत्रण. ओळख पुढे व्हायची, घास आधी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत एखाद्या कचेरीत डोकावून पाहा. दोन टेबलं जोडलेली असतात. त्यांवर कालचं वर्तमानपत्र पसरलेलं असतं. डबे उघडतात आणि झाकणं उलटी होतात. सकाळपासून भाजी सांडू नये म्हणून घट्ट बसलेलं झाकण आता दुसऱ्याची ताटली होतं. एका झाकणात नागपूरकडची पाटवडी येते, दुसऱ्यात इंदुरी भुट्ट्याचा कीस. कोणाच्या घरचं लिंबाचं लोणचं सगळ्यांना पुरतं. कोणी बाफल्याचा तुकडा मोडून तुपासकट पुढे करतो. "अरे, लो ना भैया," "घ्या हो काका, आज हिनं मुद्दाम दिलंय," अशी हिंदी-मराठी एकमेकींत मिसळलेली असते. सकाळी ज्या दोघांचं एका फायलीवरून वाजलं होतं, तेही याच टेबलाशी असतात. पहिल्या दोन घासांपर्यंत ते एकमेकांकडे बघत नाहीत. तिसऱ्या घासाला एक जण लोणच्याची डबी दुसऱ्याकडे सरकवतो. बस्स, तेवढ्यानं भागतं. माफी मागितली गेली नाही, दिलीही गेली नाही. पण जेवण मात्र एका टेबलावर झालं.

जगात इतरत्रही माणसांना सोबतीची पहिली खूण भाकरीतच दिसली. इंग्रजीत सोबत्याला 'कंपॅनियन' म्हणतात. त्यातला 'कोम' म्हणजे लॅटिनमधलं 'सह' आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. जो आपल्याबरोबर बसून भाकरी खातो तो कंपॅनियन. आपण रोज तोंडात घोळवतो तो 'कंपनी' हा शब्दही तिथूनच आला. गंमत अशी की हाच 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडी 'पांव' झाला, त्यांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागला, आणि आपल्या घरी पाव होऊन राहिला. म्हणजे मोठ्या इमारतीच्या पाटीवरची 'कंपनी' आणि खालच्या गाडीवरचा वडापाव एकाच घराण्यातले आहेत. आपली 'सोबत' दुसऱ्या वाटेनं आली, अरबी-फारसीतल्या 'सोहबत'मधून. त्याच धातूपासून आणखी एक शब्द निघाला, 'साहेब'. अरबीत त्याचा मूळ अर्थ सोबती असा आहे. पुढे त्याला मालक, अधिकारी असे अर्थ चिकटले. शब्दाला बढती मिळाली आणि त्याची सोबत सुटली! सरकारी वसाहतीत दिवसातून शंभरदा 'साहेब' ऐकू येतं. ऐकणाऱ्यानं कधीतरी आठवावं की आपल्याला सोबती म्हणून हाक मारली जातेय.

आता जरा खोलात जाऊ. जास्तीची पोळी नेणं आपल्याला जमतं. देण्याचे संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेले असतात. पाहुण्याला उपाशी धाडायचं नाही, दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही. आपली गाडी अडते ती घेण्यापाशी. कोणी डबा पुढे केला की आपल्या तोंडून आपोआप निघतं, "नको, नको, आत्ताच झालं माझं." कोणी म्हणालं, "सोडतो ना तुम्हाला घरापर्यंत," की आपण म्हणतो, "कशाला उगाच त्रास!" आजारपणात शेजारच्या काकूंनी खिचडी पाठवते म्हटलं की आपण घाईघाईनं सांगतो, "अहो, सगळं आहे घरात." आपल्याला वाटतं, हा आपला भिडस्तपणा आहे, चांगुलपणा आहे. असतोही. पण समोरच्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याचा पुढे आलेला हात तसाच मागे जातो.

नुसतं देतच राहिलं की देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणाऱ्याचा खाली. त्याला मदत म्हणता येईल, उपकार म्हणता येईल. त्यातही पुण्य आहेच. पण सोबत व्हायला दोन्ही हात एका उंचीवर यावे लागतात. आज तुमची भाजी माझ्या झाकणात, उद्या माझी तुमच्या. सुदामा आपल्या दारिद्र्याचे पोहे फडक्यात लपवून बसला आणि द्वारकेच्या राजानं, कृष्णानं, ते ओढून घेऊन खाल्ले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. कृष्णानं सुदाम्याला काय दिलं, यावर कीर्तनकार तासभर बोलतात. पण मित्राला मित्र असल्यासारखं वाटलं असेल ते त्याआधीच, आपले पोहे कोणीतरी आवडीनं खाताना पाहून. भोपाळात सकाळी ठेल्यावर पोहे-जलेबीची ताटली हातात घेताना ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

आणि ही काही पुराणातलीच गोष्ट नाही. कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. तथाकथित अस्पृश्य जातीतले. पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामना स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी हात दिला आणि त्यांनी चहाचं दुकान काढलं. पण दुकान काढलं म्हणून गिऱ्हाईक थोडंच येतं? त्यांच्या हातचा चहा घेणार कोण? महाराजांना हुकूम काढता आला असता. त्यांनी वेगळंच केलं. ते गाडीतून जाताना त्या दुकानापाशी थांबत, चहा मागवत, सगळ्यांदेखत पीत, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. इथं राजा देणारा झाला नाही. तो घेणारा झाला. एका कपाएवढं घेतलं, पण ज्याच्या हातचं कोणी घेत नव्हतं त्याच्या हातचं घेतलं. ज्या समाजात 'रोटीव्यवहार' कोणाशी ठेवायचा याचे नियम होते, पंक्तिभेद ही रोजची गोष्ट होती, तिथं असा एक कप किती जड असतो याची कल्पना करावी.

आपल्या जुन्या घरांत घेण्या-देण्याचा हा तोल सांभाळायची एक साधी रीत होती, आणि शिवाजी नगरातल्या कित्येक घरांत ती अजूनही आहे. शेजारून वाटी आली की ती रिकामी परत द्यायची नाही. वाटीवर बहुधा शेजाऱ्यांचं नाव कोरलेलं असतं, कुणाच्या मुंजीची किंवा बारशाची तारीखही असते. ती घासून, पुसून ओट्याच्या कडेला ठेवलेली असते. घरी काही खास झालं की ते तिच्यात घालून ती परत जाते. दोन लाडू, चकलीचे तुकडे, काहीच नसेल तर चमचाभर साखर. साखरेनं कोणाचं पोट भरत नाही. पण "तुमचं आम्ही घेतलं, आता आमचं तुम्ही घ्या" एवढा निरोप ती बरोबर पोचवते. त्या वाटीला कधीच शेवटची फेरी नसते. हिशेब पुरा झाला असं दोन्ही घरांना कधी वाटतच नाही, आणि म्हणून येणं-जाणं चालू राहतं.

अशा बारीकसारीक येण्या-जाण्यातून काय साठतं, ते एरवी दिसत नाही. वेळ आली की दिसतं. जून २०२४ मध्ये शिवाजी नगर आणि तुलसी नगरातली जुनी क्वार्टरं पाडून मंत्री-आमदारांसाठी नवे बंगले बांधायची योजना पुढे आली. त्यासाठी हजारो झाडं तोडावी लागणार होती. सुमारे २९ हजार हा आकडा तेव्हा चर्चेत होता. रहिवासी घराबाहेर पडले. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, धागे बांधले. सकाळी फिरायला येणारे, शाळकरी मुलं, निवृत्त मंडळी, सगळी त्या झाडांखाली जमली. थोड्याच दिवसांत सरकारनं ती योजना मागे घेतली. हजार अनोळखी माणसं अशी एका हाकेला गोळा होत नाहीत. ज्यांनी एकमेकांच्या घरची वाटी घासून परत केलेली असते, एकमेकांच्या मुलांना कैऱ्या पाडताना रागावलेलं असतं, त्यांना निरोप पाठवायला वेळ लागत नाही.

आजच्या धावपळीत हे सगळं कुठं जमायचं, असं मनात येईल. खरं आहे. कित्येक ऑफिसांत आता ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्या टेबलावर उघडतो, समोर मोबाइल टेकवलेला असतो. घरीही तसंच. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कोणी अमेरिकेत. मागे राहिलेली आई एकटीसाठी काय करायचं म्हणून सकाळचंच रात्री खाते. तिला पैसे हवे नसतात, वस्तू तर नकोच असतात. तिला कोणीतरी तिच्या हातचं खाणारं हवं असतं. गावी गेल्यावर ती पुढ्यात ठेवते ते "डाएट आहे गं आई" म्हणून बाजूला सारू नका. लांब असाल तर तुमच्या जेवणाच्या वेळी फोन लावा आणि तिला विचारा, "तुझ्या आमटीत तू नेमकं काय घालतेस?" ती सांगेल ते लिहून घ्या. रविवारी करून बघा आणि कशी झाली ते कळवा. तिचं काहीतरी तुम्ही घेतलंत, हे तिला दिवसभर पुरतं.

तेव्हा आज ऑफिसला निघताना डब्यात एक पोळी जास्तीची न्या. ते तर तुम्ही नेताच. आजचा धडा दुसरा आहे. आज कोणी काही पुढे केलं, तर "नको" ओठांवर यायच्या आत हात पुढे करा. शिपाईदादांच्या डब्यातली मिरचीची भाजी असेल, नव्यानं बदलून आलेल्या मुलीनं बिचकत उघडलेला बिघडलेला शिरा असेल, शेजाऱ्यांची स्कूटरवरची मागची सीट असेल, नाहीतर कोणी मोठ्या मनानं सुचवलेली एखादी दुरुस्ती असेल. थोडं घ्या. आवडलं तर तसं सांगा. नाही आवडलं तरी घेतल्यानं काही बिघडत नाही. आपण कोणाला तरी लागतो, असं प्रत्येकाला दिवसातून एकदा तरी वाटावं. ते वाटायला लावणं आज तुमच्या हातात आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही. फक्त "घेतो की, द्या!" एवढं म्हणायचं.